डेन्मार्कचे रोजगार धोरण कसे तपासावे: मोकळीक आणि उत्तरदायित्व यांचा ताळा

डेन्मार्कच्या रोजगार धोरणाविषयी वाचायला घेतले की पहिल्या दोन-तीन पानांतच ‘फ्लेक्सिक्युरिटी’ हा शब्द भेटतो. मालकाला कामगार सहज कमी करता येतो, काम गेलेल्या माणसाला चांगला भत्ता मिळतो आणि सरकार त्याला पुन्हा कामाला लावण्यासाठी पैसा खर्च करते, असा तीन बाजूंचा ‘सुवर्ण त्रिकोण’ काढून दाखवला जातो आणि विषय तिथेच संपतो. हे चित्र खोटे नाही. पण त्याच्या आधाराने एखाद्या नव्या सुधारणेचे किंवा एखाद्या नगरपालिकेच्या कारभाराचे मूल्यमापन करायला बसलो, तर हाती फारसे काही लागत नाही. कारण त्रिकोणात कोणाला किती सूट आहे एवढेच दिसते. त्या सुटीचा जाब कोण, कोणाला आणि कशाच्या आधारे देतो, हे दिसत नाही.

लोकप्रशासनाचे विद्यार्थी, कामगार प्रश्नांवर लिहिणारे पत्रकार, धोरणांचा तुलनात्मक अभ्यास करणारे आणि डॅनिश व्यवस्था मुळातून समजून घेऊ इच्छिणारे वाचक यांच्यासाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. त्यातील पद्धत एका वाक्यात सांगता येते: डेन्मार्कच्या धोरणात जिथे जिथे मोकळीक दिलेली दिसेल, तिथे तिथे ती कोणाला मिळाली, तिचा हिशेब कोणाकडे द्यायचा आहे आणि हिशेब चुकला तर सोसावे कोणाला लागते, हे तीन प्रश्न त्याच क्रमाने विचारावेत. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक वेळा सर्वांत उशिरा मिळते, आणि धोरणाचे खरे स्वरूप त्यातच कळते.

मोकळीक एक नाही, तीन आहेत

अभ्यासाच्या आरंभीच एक वेगळेपण पक्के करून घ्यावे. डॅनिश चर्चेत ‘लवचीकता’ हा एकच शब्द तीन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. पहिली मोकळीक मालकाची: माणूस कामावर घेण्याची आणि कमी करण्याची. दुसरी बेरोजगाराची: मदत घेत असताना कोणते काम शोधायचे, कोणते प्रशिक्षण घ्यायचे, कोणाचा सल्ला घ्यायचा, हे ठरवण्याची. तिसरी नगरपालिकेची आणि तिथे काम करणाऱ्या प्रकरण-अधिकाऱ्याची: कायद्याने आखून दिलेली प्रत्येक पायरी न चढता समोरच्या माणसाप्रमाणे निर्णय घेण्याची. एखादा राजकीय पक्ष ‘आम्ही व्यवस्था अधिक लवचीक करू’ असे म्हणतो, तेव्हा तो यांपैकी कोणत्या मोकळिकीविषयी बोलत आहे हे आधी शोधावे. नगरपालिकेची मोकळीक वाढली म्हणून बेरोजगाराची वाढतेच असे नाही. कधी कधी एकीची वाढ हीच दुसरीची घट असते.

मालकाची मोकळीक: तिच्या सीमा करारांत शोधाव्यात

१८९९ साली मे ते सप्टेंबर चाललेल्या मोठ्या टाळेबंदीनंतर मालक संघटना आणि कामगार संघटना यांच्यात जो समझोता झाला, त्याला ‘सप्टेंबर समझोता’ म्हणतात. कामाचे व्यवस्थापन आणि वाटप करण्याचा मालकाचा अधिकार त्यात मान्य झाला आणि बदल्यात कामगारांचा संघटित होण्याचा व सामूहिक करार करण्याचा अधिकार मालकांनी स्वीकारला. पुढच्या सव्वाशे वर्षांच्या डॅनिश श्रमव्यवहाराचा पाया याच देवाणघेवाणीत आहे. आजही तिथे कायद्याने ठरवलेले किमान वेतन नाही. वेतन, कामाचे तास आणि सूचनेच्या मुदती बहुतांशी सामूहिक करारांतून ठरतात.

त्यामुळे केवळ कायद्याची पुस्तके चाळून ‘डेन्मार्कमध्ये कामगाराला संरक्षण नाही’ असा निष्कर्ष काढण्याची चूक करू नये. १९३८ पासून असलेल्या पगारदार कर्मचाऱ्यांच्या कायद्यात मालकाने द्यायची पूर्वसूचना पहिल्या सहा महिन्यांत १ महिन्याची, त्यानंतर ३ महिन्यांची आणि पुढे साधारण दर तीन वर्षांनी एकेका महिन्याने वाढत कमाल ६ महिन्यांची असते; कर्मचाऱ्याला मात्र स्वतःहून नोकरी सोडताना १ महिना पुरतो. एक वर्षाची सेवा झाल्यावर बडतर्फीला रास्त कारण लागते. या कायद्याच्या कक्षेबाहेरच्या कामगारांना, विशेषतः बांधकामासारख्या क्षेत्रांत, करारातील मुदती बऱ्याच आखूड असतात. पण तिथेही मालक आणि कामगार संघटनांमधील मुख्य कराराने ९ महिन्यांच्या सलग सेवेनंतर मनमानी बडतर्फीविरुद्ध दाद मागण्याची सोय ठेवली आहे आणि त्यासाठी स्वतंत्र बडतर्फी मंडळ आहे.

म्हणून एखाद्या उद्योगाविषयी लिहायचे असेल, तर आधी तिथे सामूहिक करार लागू आहे का ते पाहावे, मग त्या करारातील सूचनेची मुदत पाहावी आणि त्यानंतरच कायद्याकडे वळावे. मालकाची मोकळीक मोठी आहे हे खरे, पण तिचा जाब विचारणारी यंत्रणा सरकारी कचेरीपेक्षा संघटनांच्या हाती अधिक आहे. कराराबाहेर राहिलेल्या कामगाराच्या वाट्याला ती यंत्रणा फार थोडी येते, आणि माझ्या मते डॅनिश व्यवस्थेच्या पहिल्या बाजूतील सर्वांत कच्चा भाग हाच आहे.

बेरोजगाराचा हक्क आणि त्याची अट

दुसऱ्या बाजूकडे वळताना दोन प्रकारच्या मदतीची गल्लत टाळावी. पहिला प्रकार विम्याचा. ‘आ-कासे’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, राज्याने (म्हणजे देशाच्या केंद्र सरकारने) मान्यता दिलेल्या बेरोजगारी निधीचे सदस्यत्व ऐच्छिक असते. या व्यवस्थेचा कायदा १९०७ चा आहे. किमान एक वर्षाचे सदस्यत्व आणि मागच्या तीन वर्षांतील ठरावीक उत्पन्न या अटी पुऱ्या केल्या की सदस्याला तीन वर्षांच्या कालावधीत दोन वर्षांपर्यंत भत्ता मिळतो. तो आधीच्या मिळकतीच्या ९० टक्क्यांपर्यंत असतो, पण त्यावर कमाल मर्यादा आहे. ही मर्यादा लक्षात न घेता ‘डेन्मार्कमध्ये ९० टक्के पगार घरबसल्या मिळतो’ असे लिहिले जाते, ते दिशाभूल करणारे आहे. सरासरी किंवा त्याहून अधिक पगार असलेल्या माणसाच्या उत्पन्नात नोकरी गेल्यावर मोठी घट होते. दुसरा प्रकार सामाजिक साहाय्याचा. ते नगरपालिका देते, त्यासाठी विमा लागत नाही, पण संपत्ती आणि जोडीदाराचे उत्पन्न तपासले जाते. या दोन गटांची स्थिती, त्यांच्यावरची बंधने आणि त्यांच्याशी बोलणारी कचेरी, सारेच वेगळे असते. त्यामुळे एका गटाचे आकडे दुसऱ्याच्या युक्तिवादात वापरू नयेत.

हक्क आणि कर्तव्य ही जोडी डॅनिश धोरणात ठळकपणे आली ती १९९४ च्या सुधारणेने. पोल न्यूरुप रासमुसेन यांचे सरकार १९९३ मध्ये सत्तेवर आले, तेव्हा बेरोजगारी सुमारे १२ टक्के होती, आणि प्रशिक्षण किंवा कामाचा सराव अशा सरकारी उपक्रमात काही काळ भाग घेतला की भत्त्याचा हक्क पुन्हा नव्याने सुरू होत असे. उपक्रम आणि भत्ता यांची ही फेरी अनेकांसाठी वर्षानुवर्षे चालू राही. नव्या नियमांनी ती तोडली: उपक्रमातील सहभागातून पुन्हा हक्क मिळणे थांबले, भत्त्याच्या एकूण कालावधीला मर्यादा आली आणि त्याचबरोबर प्रत्येकासाठी व्यक्तिगत कृती-आराखडा करण्याची जबाबदारी व्यवस्थेवर आली. हे शेवटचे कलम विसरू नये. कर्तव्य केवळ बेरोजगाराचे नव्हते. त्याच्याकडून प्रयत्नांची अपेक्षा धरायची, तर त्याला उपयोगी पडेल असे काही पुढे ठेवण्याचे बंधन व्यवस्थेनेही स्वतःवर घेतले होते.

आजची कर्तव्ये नेमकी आहेत. पहिल्याच दिवशी ‘जॉबनेट’ या सार्वजनिक संकेतस्थळावर नाव नोंदवायचे, तिथे आपली माहिती भरायची, केलेल्या अर्जांची नोंद ठेवायची, ठरलेल्या मुलाखतींना हजर राहायचे आणि रास्त काम मिळाले तर ते स्वीकारायचे. सबळ कारणाशिवाय स्वतःहून नोकरी सोडली किंवा देऊ केलेले काम नाकारले, तर तीन आठवडे भत्ता बंद होतो. याच्या जोडीला २०१७ पासून लागू झालेली एक तरतूद आवर्जून पाहावी: भत्ता चालू असताना केलेल्या कामाचे तास साठतात आणि कामाच्या एका तासामागे भत्त्याचे दोन तास वाढतात, अशा रीतीने कालावधी जास्तीत जास्त एक वर्षाने लांबवता येतो. छोटे किंवा तात्पुरते काम घेतल्याने आपला हक्क लवकर संपेल ही भीती त्यामुळे कमी होते. मोकळीक आणि जबाबदारी एकाच नियमात कशी गुंफावी, याचा इतका नेटका नमुना मला या धोरणात दुसरा सापडलेला नाही.

कर्तव्ये तपासताना त्यांचा परिणाम दोन वाटांनी होतो हे ध्यानात ठेवावे. एक वाट मदतीची: सल्ल्याने, प्रशिक्षणाने किंवा एखाद्या आस्थापनेतील सरावाने माणसाला काम मिळते. दुसरी वाट धाकाची: उपक्रमाला जावे लागेल या कल्पनेनेच माणूस आधी काम शोधतो. २००५-०६ च्या हिवाळ्यात स्टोर्स्ट्रोम आणि दक्षिण जटलंड या तेव्हाच्या दोन जिल्ह्यांत ‘लवकर कामाला’ अशा अर्थाच्या नावाचा एक प्रयोग झाला. त्यात नव्या बेरोजगारांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले आणि एका गटाला लवकर व वारंवार भेटी आणि उपक्रम दिले. त्या गटातील लोक बेरोजगारीतून अधिक वेगाने बाहेर पडले. पुढच्या संशोधकांनी या यशातील मोठा वाटा भेटींचा आणि उपक्रमाच्या नुसत्या अपेक्षेचा असल्याचे दाखवले. म्हणून ‘भेटी वाढवल्याने बेरोजगारी घटली’ असे वाक्य वाचले, की घट मदतीमुळे झाली की धाकामुळे, आणि मिळालेले काम टिकले का, हे पुढचे प्रश्न लगेच विचारावेत.

नियम कोणत्या हवामानात केला आणि तो कोणत्या हवामानात लागू झाला

हा मुद्दा एका उदाहरणाने सांगतो. २०१० च्या उन्हाळ्यात भत्त्याची मुदत चार वर्षांवरून दोन वर्षांवर आणण्याचा निर्णय झाला. त्याच्या थोडेच आधी, २००८ मध्ये, बेरोजगारी इतकी कमी होती की दोन वर्षे पुरेशी वाटणे स्वाभाविक होते. प्रत्यक्ष फटका बसू लागला तो २०१३ पासून, आर्थिक संकटाची झळ अजून ओसरलेली नसताना. भत्त्याच्या हक्काला मुकलेल्यांची संख्या सरकारच्या मूळ अंदाजापेक्षा कितीतरी मोठी निघाली, तात्पुरत्या मदतीच्या योजना घाईने उभाराव्या लागल्या आणि शेवटी स्वतंत्र आयोग नेमून २०१५ मध्ये नवा समझोता करावा लागला. वर सांगितलेली तासांची तरतूद त्याच समझोत्यातली आहे.

यातून अभ्यासकाने एक सवय लावून घ्यावी. कोणतीही सुधारणा वाचताना ती मंजूर झाली त्या वर्षाच्या शेजारी ती पूर्णपणे लागू झाली ते वर्ष लिहावे आणि दोन्ही वर्षांची बेरोजगारी त्यापुढे मांडावी. अंदाज चुकला तर दुरुस्ती कोण, किती काळात करेल याची सोय मूळ कायद्यातच होती का, हेही पाहावे. २०१० च्या निर्णयात ती सोय नव्हती, आणि त्या चुकीची किंमत अंदाज बांधणाऱ्यांनी नव्हे, तर भत्ता संपलेल्या कुटुंबांनी मोजली.

नगरपालिका: जिथे ताळा खरोखर जुळतो किंवा तुटतो

आता तिसऱ्या मोकळिकीकडे येऊ. अभ्यासाचा निम्मा वेळ इथे द्यावा असे मी सुचवेन. २००७ च्या पुनर्रचनेत डेन्मार्कच्या २७१ नगरपालिकांच्या ९८ झाल्या आणि बेरोजगारांना भेटी, सल्ला आणि उपक्रम देणारी जॉबसेंटरे देशभर सुरू झाली. सुरुवातीला तिथे राज्य आणि नगरपालिका यांचे कर्मचारी एकाच छताखाली बसत. ऑगस्ट २००९ पासून विमाधारक बेरोजगारांसह सगळी जबाबदारी नगरपालिकांकडे आली. कायदा कोपनहेगनमधील संसद करते, पैशाचा मोठा भाग राज्य देते, पण बेरोजगार माणसाच्या समोर बसतो तो नगरपालिकेचा अधिकारी. राज्याने नगरपालिकेवर नजर कशी ठेवायची, हा प्रश्न या रचनेतूनच जन्माला आला.

त्याला आजवर तीन तऱ्हेची उत्तरे दिली गेली आहेत आणि तिन्ही एकाच वेळी कमी-अधिक प्रमाणात वापरात आहेत. त्यांना वेगवेगळे ओळखायला शिकावे.

पहिले उत्तर प्रक्रियेचे. किती दिवसांत पहिली भेट, किती महिन्यांत किती भेटी, पहिला उपक्रम केव्हा, हे कायद्यानेच ठरवून द्यायचे. २०२० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने हे नियम बरेच सोपे केले, तरी पहिल्या सहा महिन्यांत किमान चार भेटी अशी अट त्यातही होती. प्रक्रियेच्या अटींचा एक मोठा गुण आहे आणि तो घाईने नाकारू नये: नागरिकाला त्या मोजता येतात. ‘मला चार भेटी मिळायला हव्या होत्या, दोनच मिळाल्या’ असे तो ठामपणे म्हणू शकतो. दोष असा की अधिकारी माणसाकडे पाहण्याऐवजी तारखेकडे पाहू लागतो, आणि कामावर रुजू होण्याची तारीख हातात असलेल्या माणसालाही मुदत पाळण्यासाठी बोलावले जाते.

दुसरे उत्तर पैशाचे. जानेवारी २०१६ पासून नगरपालिकेने दिलेल्या भत्त्यांची राज्याकडून होणारी भरपाई काळाप्रमाणे उतरत जाते: पहिले चार आठवडे ८० टक्के, पाचव्या ते सव्विसाव्या आठवड्यापर्यंत ४० टक्के, बावन्नाव्या आठवड्यापर्यंत ३० टक्के आणि त्यानंतर केवळ २० टक्के. त्याआधी भरपाईचा दर भत्त्याच्या प्रकारावर आणि उपक्रमावर अवलंबून असे, त्यामुळे माणसाला कामाकडे नेणाऱ्या उपक्रमाऐवजी चांगला दर मिळवून देणारा उपक्रम निवडण्याचा मोह होत असे. नव्या शिडीने तो मोह कमी केला आणि दीर्घकाळ बेरोजगार राहिलेल्यांचा भार नगरपालिकेच्या खिशाला जाणवू दिला. तरीही पैशाची प्रत्येक पद्धत स्वतःचा मोह घेऊन येते. विद्यार्थ्याचे अनुदान पूर्णपणे राज्य देते. म्हणजे शिक्षण पूर्ण न झालेला तरुण साहाय्यावरून अभ्यासक्रमाकडे गेला की नगरपालिकेचा खर्च थांबतो. तो अभ्यासक्रम त्याच्यासाठी योग्य असेल तर हे उत्तमच. नसेल तर काही महिन्यांनी तो परत त्याच खिडकीपुढे उभा राहतो. म्हणून तरुणांविषयीचे आकडे पाहताना किती जण शिक्षणात गेले याबरोबर वर्षभराने किती जण शिक्षणात टिकले, हे मागावे.

तिसरे उत्तर परिणामांचे, आणि मला ते सर्वांत विचारपूर्वक घडवलेले वाटते. नगरपालिकांची कामगिरी राज्याची श्रमबाजार संस्था ‘स्टार’ पाहते आणि तिची आकडेवारी ‘जॉबइंडसॅट्स’ या खुल्या मंचावर कोणालाही पाहता येते. सोपे केलेल्या नियमांबरोबर ‘कठोर देखरेख’ नावाची तरतूद आली. तिचे सूत्र असे: स्थानिक परिस्थिती लक्षात घेता अपेक्षेपेक्षा जास्त लोक एखाद्या नगरपालिकेत भत्त्यावर असतील आणि शिवाय तिथे भेटी व उपक्रम यांची किमान उद्दिष्टेही गाठली जात नसतील, तर तिच्यावर नजर कडक करायची. ज्या नगरपालिकेचे परिणाम चांगले आहेत तिला पद्धतीच्या बाबतीत मोकळे सोडायचे. जिचे वाईट आहेत तिला पद्धतीचाही जाब विचारायचा. मोकळीक सरसकट वाटण्याऐवजी ती कमावता आणि गमावता येईल अशी केली, हे या सूत्राचे बळ आहे.

‘स्थानिक परिस्थिती लक्षात घेता’ हे शब्द तुलना करताना विसरू नयेत. राजधानीलगतच्या सधन उपनगराची आणि लॉलंडसारख्या, उद्योग ओसरलेल्या व वयस्क लोकसंख्येच्या बेटाची कच्ची टक्केवारी शेजारी मांडून नगरपालिकांचा क्रम लावणे अन्यायाचे आहे. वय, शिक्षण, आरोग्य आणि स्थानिक उद्योग यांनुसार अपेक्षित असलेली पातळी आणि प्रत्यक्ष पातळी यांतील फरक पाहावा. अशी तुलना अधिकृतपणे प्रसिद्ध होते, तीच वापरावी.

एखादा स्थानिक निर्णय कसा तपासावा

समजा, एका नगरपालिकेने ठरवले की तीन महिन्यांपेक्षा कमी काळ बेरोजगार असलेल्यांना समोरासमोर न बोलावता दूरध्वनीवर सल्ला द्यायचा आणि वाचलेला वेळ वर्षाहून अधिक काळ बेरोजगार असलेल्यांसाठी वापरायचा. निर्णय ऐकायला चांगला आहे. तपासणी मात्र नगरपालिकेच्या निवेदनावर न थांबता तीन ठिकाणी न्यावी.

आधी अंदाजपत्रक पाहावे. वाचलेले तास खरोखर दुसऱ्या गटाकडे वळले का, की दोन वर्षांनी तेवढी पदेच कमी झाली? मोकळिकीच्या नावाखाली काटकसर झाली असेल तर ती इथेच उघड होते. मग ज्यांच्यासाठी वेळ वाचवला त्यांच्या प्रकरणांकडे वळावे: प्रत्येक अधिकाऱ्याकडे किती माणसे आहेत, अधिकारी किती वेळा बदलला, आणि आखलेला उपक्रम कामाच्या ठिकाणी होता की वर्गखोलीत. एकाच माणसाला वर्षभरात चार-पाच अधिकारी भेटले, तर कागदोपत्री भेटींची संख्या कितीही असली तरी त्याची गोष्ट प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरू होते. शेवटी दूरध्वनीवर ठेवलेल्या गटात भाषेची अडचण असलेले, आजारी किंवा एकाकी लोक किती आहेत ते विचारावे, कारण सर्वसाधारण माणसाला पुरणारी सोय त्यांना पुरेलच असे नाही आणि सरासरीच्या आकड्यात ते दिसत नाहीत.

आजारी आणि अर्धक्षम माणसाची बाजू

उत्तरदायित्व म्हटले की बेरोजगाराने द्यायचा हिशेब एवढाच अर्थ घेण्याची खोड अनेक लेखनात दिसते. तो हिशेब उलट दिशेनेही मागता येतो, आणि सर्वांत निकडीने तो मागावा लागतो काम करण्याची क्षमता घटलेल्या माणसांच्या बाबतीत. २०१३ च्या सुधारणेने अपंगत्व निवृत्तिवेतनाचा मार्ग चाळिशीच्या आतील लोकांसाठी बहुतांशी बंद केला आणि त्याऐवजी अनेक वर्षांचा, आरोग्य व रोजगार दोन्ही बाजूंनी आधार देणारा आराखडा आणला. ‘फ्लेक्सजॉब’ची, म्हणजे क्षमता घटलेल्यांसाठीच्या अनुदानित नोकरीची, रचनाही बदलली: मालक केवळ प्रत्यक्ष झालेल्या कामाचे वेतन देतो आणि बाकीची पूर्तता सार्वजनिक अनुदानातून होते. आठवड्याला थोडेच तास काम करू शकणाऱ्यांनाही त्यामुळे नोकरीचे दार उघडले, ही या बदलाची खरी मिळकत. दुसरीकडे, अनेक आजारी माणसे वर्षानुवर्षे एका कार्यक्षमता-चाचणीतून दुसरीत पाठवली गेली आणि निर्णयाविना ताटकळत राहिली. या प्रकरणांनी डॅनिश वृत्तपत्रांची आणि संसदेची बरीच जागा व्यापली. माणसाने चाचणीला हजर राहायचे हे बंधन पक्के होते. पण निर्णय किती काळात द्यायचा हे व्यवस्थेवरचे बंधन तितके पक्के नव्हते.

अशा प्रकरणाचा अभ्यास करताना किंवा एखाद्याला प्रत्यक्ष मदत करताना नागरिकाच्या हातातील साधने नीट माहीत असावीत. नगरपालिकेच्या भेटीला सोबत एक साहाय्यक नेण्याचा अधिकार प्रशासकीय कायद्याने दिला आहे. आपल्या प्रकरणातील कागद पाहण्याचा अधिकार आहे, आणि विरोधात जाणारा निर्णय होण्यापूर्वी बाजू मांडण्याची संधी मिळायला हवी. निर्णय लेखी मागावा, कारण बोलून सांगितलेल्या नकाराचा मागोवा घेणे कठीण जाते. तक्रारीची मुदत निर्णय मिळाल्यापासून चार आठवड्यांची असते. तक्रार आधी नगरपालिकेकडेच जाते, तिने फेरविचार करायचा असतो, आणि निर्णय कायम राहिला तर प्रकरण ‘अँकेस्ट्यूरेल्सन’ या राष्ट्रीय अपील मंडळाकडे जाते. त्यापलीकडे प्रशासनावर सर्वसाधारण नजर ठेवणारा संसदेचा लोकपाल १९५५ पासून आहे. एखाद्या नगरपालिकेचे किती निर्णय अपिलात बदलले किंवा परत पाठवले गेले, हा आकडा तिच्या मोकळिकीचा दर्जा सांगणारा चांगला निर्देशक आहे. मात्र तक्रार करण्याइतके बळ सर्वांकडे नसते हे लक्षात ठेवूनच तो वापरावा.

२०२५ च्या सुधारणेकडे याच नजरेने पाहावे

डिसेंबर २०२२ मध्ये सत्तेवर आलेल्या तीन पक्षांच्या सरकारने जॉबसेंटरे बंद करण्याचा आणि रोजगार यंत्रणेवरचा खर्च मोठ्या प्रमाणात कमी करण्याचा मनोदय आपल्या कार्यक्रमातच लिहिला होता. तज्ज्ञ गटाने २०२४ मध्ये शिफारसी दिल्या आणि २०२५ च्या वसंतात राजकीय समझोता झाला. नगरपालिकेने जॉबसेंटर चालवलेच पाहिजे ही सक्ती काढणे, प्रक्रियेच्या अटी मोठ्या प्रमाणात कमी करणे, बेरोजगारांचे लक्ष्यगट १३ वरून ५ वर आणणे आणि वर्षाला सुमारे २.७ अब्ज क्रोनर वाचवणे, ही त्याची ठळक कलमे. त्याआधीच एका वेगळ्या वाटेने आ-कासेंची भूमिका वाढत आली होती: २०२० मध्ये नऊ निधींनी आपल्या सदस्यांशी पहिल्या तीन महिन्यांतील संपर्काची जबाबदारी प्रयोग म्हणून घेतली आणि २०२४ पासून ती सर्व निधींकडे आली.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर इथे स्पष्ट आहे: मोकळीक मुख्यतः नगरपालिकांना आणि काही अंशी निधींना मिळाली. गटांची संख्या घटल्याने एका गटातून दुसऱ्यात जाताना होणारी नियमांची उलथापालथ कमी होईल आणि अधिकाऱ्याचा वेळ वाचेल, हा लाभ खरा आहे आणि त्याचे मनापासून स्वागत करावे. दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरासाठी वर सांगितलेल्या तीन तऱ्हा आठवाव्यात. प्रक्रियेची दोरी सैल झाल्यावर पैशाची आणि परिणामांची दोरी तेवढीच घट्ट धरावी लागते. म्हणून खुल्या आकडेवारीत पुढे काय काय मोजले जाणार आणि परिणाम घसरलेल्या नगरपालिकेशी राज्य कसे वागणार, हे कलम शोधून वाचावे. तिसऱ्या प्रश्नाबाबत मला खरी काळजी वाटते. मोकळीक आणि बचत एकाच समझोत्यात, एकाच वर्षात आल्या, की नगरपालिकेने एखादी भेट का वगळली हे बाहेरून सांगणे अवघड होते: त्या माणसाला तिची गरज नव्हती म्हणून, की अधिकारीच उरला नव्हता म्हणून? आणि पूर्वी ‘मला चार भेटी देय होत्या’ असे म्हणू शकणाऱ्या माणसाच्या हातात आता तक्रारीसाठी नेमके कोणते वाक्य उरते?

या सुधारणेचा मागोवा घेऊ इच्छिणाऱ्याने कामाला लागण्यासाठी निकालाच्या आकड्यांची वाट पाहू नये. लोकसंख्या आणि उद्योग यांच्या दृष्टीने सारख्या असलेल्या दोन नगरपालिका आत्ताच निवडाव्यात. नियम बदलण्यापूर्वीची त्यांची तीन वर्षांची आकडेवारी उतरवून ठेवावी: वर्षाहून अधिक काळ भत्त्यावर असलेल्यांची संख्या, मिळालेले काम सहा महिने टिकलेल्यांचे प्रमाण, रोजगार विभागातील पदे आणि अपिलात बदललेले निर्णय. त्यानंतर दरवर्षी त्याच महिन्यात तेच चार आकडे पुन्हा उतरवावेत आणि त्यांच्याबरोबर नगर परिषदेच्या रोजगार समितीचे इतिवृत्तही वाचावे, कारण कोणती मोकळीक कोणत्या कारणासाठी वापरायची हे ठरते ते तिथल्याच टेबलावर.